वेढे

नवापुऱ्यातलं बाबांचं दुकान आठ फूट रुंद.
आत वार्निशचा वास,
आणि पोट उघडून पडलेल्या पाणीपंपाच्या मोटारी.
जळून काळं पडलेलं जुनं वाइंडिंग
बाबा छिन्नीनं तोडून काढतात,
नवं तांबं भरतात खाचेखाचेत.
वेढे मोजताना त्यांच्याशी बोलायचं नाही.
लहानपणी मी एकदा विचारलं होतं, पंखा का फिरतो,
तेव्हा त्रेसष्टावरून परत एकवर गेले होते,
न रागावता.

आता मी फतेगंजला, प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर
उंदीर सांभाळते.
ह्या जातीचे उंदीर जन्मतात तेच थरथरत.
दाणा पुढ्यात, आणि तोंड त्याच्या शेजारी.
मज्जातंतू सगळे जागच्या जागी,
तुटलेलं काहीच नाही,
फक्त उघडे.
मेंदूतून निघालेला निरोप
वाटेतच पाझरून जातो.

बाबांना सांगितलं, तर म्हणाले,
"म्हणजे इनॅमल गेलेली वायर."
हेच मला समजायला
पहिलं अख्खं सत्र लागलं होतं.

जन्माच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सुईनं पेशी सोडतो,
दुसऱ्याच कुठल्या पिल्लाच्या.
एका थेंबात लाखभर.
त्यांना पत्ता दिलेला नसतो.
कितीतरी तिथंच मरतात,
काही भलतीकडे जाऊन बसतात.
उरतात त्या सरपटत पांगतात,
एकेकीला दहा-बारा हात फुटतात,
चाचपडतात,
आणि उघडा तंतू हाताला लागला
की स्वतःच्याच अंगाची चपटी पट्टी करून
त्याच्याभोवती फिरत राहतात.
स्वतः निरोप नेत नाहीत त्या.
निरोप कसला, कुणाचा, हेही विचारत नाहीत.

(आमचे खापरपणजोबा साताऱ्याकडून इथं आले
ते सरकारी पागेत नाल ठोकायला.
त्यांनाही पत्ता कुणी दिला नसावा.
बाबा आज वेढे मराठीत मोजतात,
भाव गुजरातीत करतात,
आणि शॉक लागला तर शिवी हिंदीत.)

सत्तावीस नंबरचा उंदीर
अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी दाण्यापर्यंत सरळ गेला.
अगदी सरळ नाही, डावीकडे जरा ओढत होता,
पण गेला. दोन्ही पायांत धरून खाल्ला.
मी वहीत वेळ लिहिली, सकाळचे नऊ चाळीस,
आणि त्या आनंदात कुणाला फोन करावा ते सुचेना.
दुसऱ्या दिवशी त्याला झोपवला.
आत वेढे पडले की नाही
हे कापल्याशिवाय दिसत नाही.

फोटोचे कागद घेऊन दुकानात गेले.
काळ्या-पांढऱ्या चकत्या,
आडवा कापलेला कांदा असावा तशा.
बाबांनी चष्मा कपाळावर चढवला,
कागद नाकाशी नेला,
पेन्सिलीच्या टोकानं कडी कडी मोजली.
"नऊ. पातळ आहे काम."
पातळच असतं, मी म्हटलं, दुसऱ्यांदा घातलेलं.
"आणि हे बाजूचे?"
ते उघडेच राहिले. बरेच राहतात.

मग उभ्या छेदाचा फोटो.
बाबांचं बोट चालत गेलं आणि अडकलं.
"इथं सोडलंय.
इथून शॉर्ट होणार."
नाही बाबा, ती जागा मुद्दाम सोडलेली असते.
निरोप तिथून उडी मारतो,
पुढच्या उघड्या जागेवर, तिथून पुढच्या.
सगळं गच्च गुंडाळलं असतं
तर तो विझला असता वाटेत.

बाबा काही बोलले नाहीत.
चाळीस वर्षं एक केसाएवढी जागा
उघडी राहू न दिलेला माणूस.
तेवढ्यात मांजलपूरची मोटार आली रिक्षातून.
त्यांनी माझाच कागद उलटा केला,
मागं लिहिलं: खाचा चोवीस.
तार ओढली, पहिला वेढा घातला, थांबले.
"तो आता नीट चालतो ना, तुझा सत्तावीस नंबर?"

मोजा तुम्ही, मी म्हटलं.
मी बोलत नाही.